चादरी आणि नरसाळं

शनिवारी हॉस्पिटलची गाडी येईल तेव्हा एका चादरीवर जरी भुशाचा कण दिसला, तर नरसाळं खाली उतरवायचं, आणि ज्याने चढवलं त्यानेच उतरवायचं, असा निकाल लाँड्रीवाल्या बाईंनी मंगळवारी सकाळी गच्चीवर दिला. ज्याने चढवलं तो त्यांचाच मुलगा होता. तो समोर उभा होता. बाईंनी चादरीची एक किनार दोन बोटांत धरून त्याच्या नाकासमोर नेली.

"हे काय आहे?"

"भुसा."

"कुणाचा?"

"लाकडाचा," मुलगा म्हणाला.

"लाकडाचा! माझ्या पोटी एवढा हुशार जन्मला आणि मला पत्ता नाही." बाईंनी किनार झटकली. पिवळट कण गेले नाहीत. ओल्या कापडाला चिकटून तसेच वाळले होते. "सगळी रांग परत धुवायची. पाणी परत, साबण परत, ऊन तेवढं परत मिळत नाही."

मुलगा पत्र्याचं काम करायचा. हवेच्या नळ्या, धुराडी, पाण्याच्या टाक्यांची झाकणं. स्वतःचं दुकान टाकून त्याला फार काळ झाला नव्हता, आणि ज्याला बाई नरसाळं म्हणत ते त्याचं पहिलं मोठं काम होतं. तो त्याला सायक्लोन म्हणायचा. गल्लीतले बाकीचे लोक बाईंच्या बाजूने होते, कारण ते दिसायचंच नरसाळ्यासारखं: वर पत्र्याचं गोल पिंप, खाली निमुळता होत गेलेला शंकू, शंकूच्या टोकाला भुसा साठवायचा ड्रम. हे सगळं सुतारखान्याच्या मागच्या अंगणात लोखंडी चौकटीवर उभं होतं. सुतारखाना आणि लाँड्री यांच्यामध्ये एकच भिंत. भिंतीच्या अलीकडे चादरी, पलीकडे रंधा मशीन आणि चक्री करवत.

ही भिंत पूर्वी भांडणाची होती. सुतार मिस्त्रींची मुलगी आणि बाईंचा मुलगा यांनी या भिंतीवरून एकमेकांकडे बघून लग्न ठरवलं, तेव्हापासून भांडण संपलं नाही, फक्त सभ्य झालं. पूर्वी बाई भिंतीवरून "ओ सुतार!" अशी हाक मारत. आता "अहो व्याही!" म्हणत, पण आवाजाची पट्टी तीच. मिस्त्री पूर्वी उत्तर देत नसत. आता "बोला विहीणबाई" म्हणत आणि मग उत्तर देत नसत.

भुशाचा त्रास खराच होता. सुतारखान्यात एक पंखा भुसा ओढून कापडी पिशवीत टाकायचा. पिशवी जुनी झाली की तिच्या सुती अंगातून बारीक भुसा बाहेर यायचा, अर्धा मिस्त्रींच्या छातीत आणि अर्धा विहीणबाईंच्या चादरींवर. मिस्त्री खोकत. बाई बोलत. दोन्ही आवाज एकाच वेळी सुरू झाले की सून इस्त्री खाली ठेवून कान झाकायची. शेवटी तिनेच नवऱ्याला विचारलं, "लोकांची धुराडी करता, माझ्या बापाच्या भुशाचं काही करता येत नाही का?"

त्याने केलं. रात्रंदिवस पत्रा ठोकून नव्हे, तर आधी पुष्कळ दिवस काहीच न ठोकता. एका सिमेंटच्या कारखान्यात जाऊन तिथला सायक्लोन त्याने खालून वरून पाहिला, मापं घेतली, घरी येऊन पुठ्ठ्याचा छोटा करून पाहिला. आईला समजावताना त्याने लाँड्रीतलंच उदाहरण दिलं.

"आपल्या पिळायच्या मशीनमध्ये चादरी कुठे जाऊन बसतात?"

"भिंतीला चिकटून."

"मधे काय असतं?"

"मोकळं."

"तसंच. भुसा मिसळलेली हवा यात कडेने आत शिरते, म्हणून गरगर फिरते. भुसा जड, तो भिंतीवर आपटतो आणि घसरत खाली ड्रममध्ये येतो. मधली हवा मोकळी होते, ती मधल्या नळीतून वर जाते. पंखा तिला ओढतो आणि बाहेर सोडतो. पिशवी नाही, जाळी नाही, काही नाही."

"मग अगदी बारीक पीठ असतं ते?"

"ते थोडं सुटणार," तो खरं बोलला. "पण पॉलिशपेपरच्या मशीनला वेगळी पिशवी आहे, ते पीठ यात येतच नाही. करवतीचा आणि रंध्याचा भुसा यातून सुटायचा नाही."

आणि नाही सुटला. सायक्लोन सुरू झाल्यावर बरेच दिवस चादरी अशा निघाल्या की बाईंना बोलायला विषय राहिला नाही. त्यांनी मिस्त्रींच्या माणसांच्या एप्रनांवरचा भुसासुद्धा कमी झाल्याचं मान्य केलं. मिस्त्रींचा खोकला उतरला. पीठगिरणीवाला येऊन नरसाळ्याभोवती दोन फेऱ्या मारून गेला, मसाला कांडणाराही येऊन गेला. आणि मग, काही कारण नसताना, चादरींच्या किनारी पुन्हा पिवळ्या पडू लागल्या. रोज नाही. सगळ्या नाही. बाईंनी दोऱ्या सुतारखान्याच्या धुराड्यापासून लांब, गच्चीच्या सावलीच्या कोपऱ्यात नेल्या. तिथे चादरी वाळायला दुप्पट वेळ लागायचा आणि भुसा तिथेही पोचायचा.

म्हणून मंगळवारचा निकाल.

पत्रेवाला त्याच दुपारी सासऱ्यांच्या अंगणात शिरला. सायक्लोनमध्ये बिघाड व्हायला फारशा जागा नसतात, हे त्याला माहीत होतं. आत फिरणारं काही नाही, झिजणारं काही नाही. मुख्य धोका एकच: खालून हवा शिरणं. वरचा पंखा ओढत असतो, त्यामुळे खाली कुठे फट राहिली तर तिच्यातून हवा आत घुसते, शंकूच्या मधून सरळ वर धावते आणि खाली बसलेला भुसा उचलून बाहेर घेऊन जाते. घागरीच्या बुडाला भोक, तसं.

त्याने आईच्या लाँड्रीतून बादलीभर साबणाचा फेस आणला होता. पंखा सुरू करून प्रत्येक जोडावर ब्रशने फेस लावला. फट असती तर फेस तिथे आत ओढला गेला असता. शंकूचे जोड, ड्रमचं झाकण, झाकणाखालची रबराची पट्टी, सगळीकडे फेस शांतपणे बसून राहिला आणि वाळून गेला.

मिस्त्री कामाच्या बाकावरून बघत होते. "सापडलं?"

"नाही. ड्रम भिंतीला टेकवलात का तुम्ही? मी हातभर पुढे ठेवला होता."

"झाडायला बरं पडतं," मिस्त्री म्हणाले आणि एकदम रंधा मशीन चालू केलं. चालू मशीनमध्ये लाकूड नव्हतं, हे जावयाच्या लक्षात आलं, पण सासऱ्यांना असल्या गोष्टी विचारायच्या नसतात.

"ओढ बरोबर आहे," मिस्त्री मशीन बंद करून म्हणाले. "जमिनीवर कण पडत नाही. माझ्या मते तर फक्कड चाललंय."

"तुमच्या मताने काय होतंय? आई शनिवारी उतरवायला सांगणार."

मिस्त्रींचा चेहरा पडला. "उतरवायला? मग परत पिशवी?"

"परत पिशवी. आणि मला परत टाक्यांची झाकणं. गिरणीवाला सकाळीच म्हणाला, तुझ्या आईचं काय ते ठरू दे, मग बघू. ज्याच्या आईच्या चादरी खराब होतात त्याच्याकडून कोण सायक्लोन करून घेणार?"

मिस्त्रींनी खिशातली पेन्सिल काढली, कानावर ठेवली, पुन्हा काढून खिशात टाकली.

बुधवारी पत्रेवाला दुकान बंद ठेवून लाँड्रीच्या गच्चीवर बसला. भुसा नेमका कधी सुटतो ते डोळ्यांनी बघायचं, एवढंच आता उरलं होतं. बाईंनी त्याला रिकामा बसलेला पाहून त्याच्या हातात चिमट्यांची टोपली दिली. "बसायचंच आहे तर चिमटे लाव."

गच्चीवरून दोन धुराडी दिसत. एक सुतारखान्याच्या पंख्याचं, ज्यातून हवा बाहेर पडे. दुसरं लाँड्रीच्या बॉयलरचं. बॉयलर त्याचे वडील सांभाळत. ते तापट बाईंचे थंड यजमान. दिवसभर बॉयलरशी बसलेले असत आणि त्यांचं सगळं बोलणंही बॉयलरशीच होत असे, असं लाँड्रीतल्या बायका म्हणत.

सकाळभर सुतारखान्याच्या धुराड्यातून काहीच दिसलं नाही. समोरची हवा उन्हात थरथरायची तेवढीच. पत्रेवाल्याला वाटलं, आपण उगाच चिमटे लावतोय. मग सून वाळलेल्या चादरी न्यायला वर आली. तिने पहिली चादर काढली, घडी घातली, आणि थांबली.

"ते बघा."

सुतारखान्याच्या धुराड्यातून पिवळट ढग निघाला. लहानसा, खोकल्याच्या उबळीसारखा. मग आणखी एक. मग बंद. वाऱ्याने तो ढग आरामात गच्चीवर आणला आणि ओल्या चादरींवर पसरला.

पत्रेवाला उठला. "आता काय झालं तिकडे? करवत तीच चाललीये, आवाज तोच आहे."

"थांबा," ती म्हणाली. "अजून एक बघा."

थोड्या वेळाने शेजारच्या, बॉयलरच्या धुराड्यातून काळा धूर आला. दाट आला आणि हळूहळू विरळ झाला.

"बाबांनी सरपण घातलं," तो म्हणाला. "त्याचं काय?"

"परवापण असंच झालं होतं. आधी माझ्या अप्पांचं धुराडं खोकलं, मग आपलं. मला वाटलं योगायोग." तिने घडी काखेत मारली. "दोघांना पाठोपाठ ठसका लागतो म्हणजे दोघं एकच घास खातायत."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती जिन्याकडे निघाली होती.

बॉयलरच्या खोलीला लागून लाकडं ठेवायची खोली होती. तिच्या मागच्या भिंतीत, म्हणजे त्या दोघांच्या सामाईक भिंतीत, एक जुनी लहान खिडकी होती. भांडणाच्या काळात ती फळी ठोकून बंद केलेली होती. आता फळी बाजूला टेकवलेली होती, आणि खिडकीसमोर पत्रेवाल्याचे वडील हातात फावडं घेऊन उभे होते. पायाशी भुशाने भरलेली गोणी. खिडकीच्या चौकटीत, पलीकडे, ड्रमचं पोट दिसत होतं, आणि ड्रमच्या पोटाला एक दार होतं.

दार लाकडी होतं. हातभर उंच, सागाचं, कडांना गोलाई दिलेली, आतल्या बाजूला नमद्याची जाड लोकरी पट्टी चिकटवलेली, पितळी बिजागऱ्यांवर झुलणारं. पत्र्याच्या ड्रमला असं दार कुणी केलं असेल हे सांगायला सही लागत नव्हती.

"हे अप्पांचं काम," सून म्हणाली.

"सूनबाई," म्हातारे म्हणाले, "तू काही पाहिलं नाहीस."

"मी नाही पाहिलं बाबा. चादरींनी पाहिलं."

पत्रेवाला पुढे झाला. त्याने दार लावलं. ते असं बसलं की नखसुद्धा आत जाईना. म्हणून तर काल फेस हलला नव्हता. ड्रमच्या या बाजूला त्याचा ब्रश पोचलाच नव्हता, आणि पोचला असता तरी काही कळलं नसतं, कारण तेव्हा दार बंद होतं. त्याने दार उघडलं. पंखा पलीकडे चालूच होता. त्याने खिशातला कागदाचा तुकडा दाराजवळ धरला. कागद हातातून सुटला आणि आत गेला.

"हां, ओढतं," वडील म्हणाले. "माझी बाहीपण ओढतं. मला वाटलं भुसा कोरडा राहावा म्हणून तू तशी सोय केलीयेस."

"बाबा, तुम्ही दार उघडता तेव्हा इथून हवा आत जाते. ती भुसा घेऊन वर जाते. वरून चादरींवर."

वडिलांनी दाराकडे पाहिलं, मग छताकडे, जिथे वर गच्ची होती, मग पुन्हा दाराकडे. "प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"मी तर दिवसातून..." त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

"आणि ही काय?" मुलाने त्यांच्या कानामागची सिगारेट काढून घेतली.

"पेटलेली नसते ती. तुझ्या आईच्या भीतीने कधीच पेटत नाही, नुसती असते."

"बाजूला बॉयलर आहे. एक ठिणगी इथून आत ओढली गेली असती, तर अख्ख्या नळीतला भुसा पेटला असता. अप्पा आत काम करत असतात."

हे ऐकून म्हाताऱ्यांनी फावडं भिंतीला टेकवलं, दार लावलं, आणि लावलेलं दार पुन्हा एकदा हाताने दाबून पाहिलं.

तेवढ्यात खिडकीच्या पलीकडून, ड्रमच्या बाजूने, एक आवाज आला. "व्याही, झालं का? आज रंध्याचे छिलके पण आहेत, चांगले कुरकुरीत." मग मिस्त्रींना खिडकीत तिघांचे चेहरे दिसले. "अरेच्चा," ते म्हणाले.

प्रकरण साधं होतं. लाँड्रीवाल्या बाईंचा एक नियम होता: सुनेच्या माहेरून फुकट काडीही घ्यायची नाही. लग्नात त्यांनी मिस्त्रींनी दिलेला पलंगही परत केला होता, मोठा घोळ करून. बॉयलरवाल्यांना मात्र कळून चुकलं होतं की ओल्या लाकडावर मूठभर भुसा टाकला की आग झटकन धरते, आणि तो भुसा भिंतीच्या पलीकडे नुसता पडून असतो. संध्याकाळी ड्रम रिकामा होई, पण तो भुसा कोंबड्यावाला ठरल्याप्रमाणे नेई. म्हणून दोघा व्याह्यांनी दुपारची सोय केली. मिस्त्रींना एवढंच वाटलं, की व्याही मागतायत तर नीट दार करून द्यावं. भोक पाडून चिंधी कोंबणं त्यांच्या हाताला जमलं नसतं.

"काल तुम्हाला माहीत होतं," जावई म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण 'तुम्हाला'वर जोर होता.

"दार आहे हे माहीत होतं. दारामुळे होतंय हे नव्हतं. शप्पथ. एवढं घट्ट बसतं ते!" मिस्त्री दुखावल्यासारखे झाले. "आणि सांगितलं असतं तर विहीणबाईंना कळलं असतं. ह्यांची काय अवस्था झाली असती?"

"माझी," बॉयलरवाले म्हणाले, "जशी आत्ता होणार आहे तशी."

"आईंना नाही सांगायचं," सून म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे उगाच नाही सांगायचं. विचारलं तर खोटं बोलायचं नाही."

"मग मी हे दार पत्र्याने बंद करून टाकतो," पत्रेवाला म्हणाला. "आत्ताच. शनिवारपर्यंत चादरी स्वच्छ. संपलं."

"आणि बाबांनी काय करायचं? ओली लाकडं फुंकत बसायचं?"

बॉयलरवाल्यांनी गोणीतला मूठभर भुसा उचलला, बोटांतून खाली सोडला, आणि पुन्हा उचलला. मुलाने ते पाहिलं. त्याचे वडील घरात कधी काही मागत नसत. चहा गार आला तरी पीत.

तो खिडकीच्या चौकटीत वाकून ड्रम आणि भिंत यांच्यातली जागा हाताने मोजू लागला. वीत, वीत आणि चार बोटं.

"एक दार नाही चालणार," तो म्हणाला. "दोन लागतील. मधे एक डबा. आतलं दार उघडलं की भुसा डब्यात पडेल, तेव्हा बाहेरचं बंद. मग आतलं लावायचं, बाहेरचं उघडायचं आणि भुसा काढून घ्यायचा. दोन्ही एकदम कधीच उघडी नाहीत. मग हवेला वाटच नाही. ठिणगीलाही नाही."

"आणि हे विसरले तर?" मिस्त्रींनी व्याह्यांकडे बोट केलं.

"मी कधी विसरतो?"

"सिगारेट कानामागे ठेवून घरभर शोधता."

"विसरता येणारच नाही असं करू," पत्रेवाला म्हणाला. "मधे एक आडकाठी. एक दार उघडलं की ती दुसऱ्यावर पडेल."

गुरुवारी आणि शुक्रवारी सासरे-जावई एकत्र कामाला लागले. यापूर्वी ते कधी एका कामावर नव्हते आणि दोघांनाही दुसऱ्याचं काम ओबडधोबड वाटत होतं. मिस्त्री म्हणत, "पत्रा काय, वाकवला की झालं." जावई म्हणे, "लाकूड काय, फुगलं की गेलं." डबा पत्र्याचा झाला, दारं पत्र्याची झाली, पण आडकाठी मिस्त्रींनी लाकडाची केली आणि ती दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. जुनं सागाचं दार काढताना त्यांनी ते स्वतः उतरवलं, पुसलं आणि बगलेत धरून उभे राहिले.

"कुठे लावू हे?" ते म्हणाले.

"कोंबड्यांच्या खुराड्याला," जावई म्हणाला, आणि सासऱ्यांचा चेहरा बघून पुढे म्हणाला, "किंवा माझ्या दुकानातल्या कपाटाला. पितळी बिजागऱ्या आहेत."

"बघ बरं. म्हणतोस तर देतो."

शुक्रवारी दुपारी पंखा चालू ठेवून चाचणी झाली. सून गच्चीवर, धुराड्याकडे बघत उभी. ढग दिसला तर ओरडायचं. खाली, लाकडांच्या खोलीत, बॉयलरवाल्यांनी आतलं दार ओढलं. भुसा डब्यात पडल्याचा धप्प आवाज झाला. आडकाठी बाहेरच्या दारावर पडली. मग त्यांनी आतलं लावलं, आडकाठी उचलली गेली, बाहेरचं उघडलं. मुलाने कागदाचा तुकडा डब्याच्या तोंडाशी धरला. कागद जागेवर लटकत राहिला. जिन्यावरून सुनेचा आवाज आला, "काही नाही! परत करा!" त्यांनी परत केलं. मग मिस्त्रींना करायचं होतं म्हणून त्यांना करू दिलं. मग बॉयलरवाले म्हणाले, मला अजून एकदा सवय करू दे.

"किती सवय करणार आहात?" खोलीच्या दारातून आवाज आला. बाई उभ्या होत्या. हातात सुतारखान्याच्या एप्रनांचा गठ्ठा होता, धुतलेल्या, कडक इस्त्रीच्या.

खिडकीतून मिस्त्रींचं डोकं दिसत होतं ते खाली गेलं.

"व्याही, वर या," बाई म्हणाल्या. "लपायला काय लहान आहात?"

मिस्त्री वर आले. बाईंनी एक नजर डब्यावर टाकली, एक गोणीवर, एक नवऱ्यावर. "महिना झाला, लाकडाचा ढीग म्हणावा तसा उतरत नाही. बॉयलर हवेवर चालतो असं मी समजेन, असं वाटलं का तुम्हाला?"

"तुला माहीत होतं?" नवऱ्याने विचारलं.

"मला काय माहीत नसतं?" मग त्यांचा आवाज थोडा खाली आला. "भुसा घेता हे माहीत होतं. हे असं दार आहे आणि त्यातून माझ्याच चादरींवर पडतो, हे नव्हतं. म्हणजे भुसा पाडला नवऱ्याने, दार करून दिलं व्याह्यांनी, आणि बोलणी खाल्ली पोराने."

"पण विहीणबाई," मिस्त्री धीर करून म्हणाले, "फुकट घ्यायचं नाही हा तुमचाच नियम. माहीत होतं तर चालवून कसं घेतलंत?"

"फुकट कुठे?" बाईंनी एप्रनांचा गठ्ठा खिडकीतून त्यांच्या हातात दिला. "हे कोण धुतं असं वाटलं तुम्हाला?"

मिस्त्रींनी गठ्ठ्याकडे पाहिलं, मग जिन्यातून उतरलेल्या लेकीकडे. "मला वाटलं, ही."

"मी?" सून म्हणाली. "अप्पा, माझी इस्त्री एवढी कडक असते का?"

बॉयलरवाले पहिल्यांदा हसले. बाईंनी ते पाहिलं आणि स्वतःचं हसू आवरलं. पत्रेवाल्याला वाटलं, आता निकाल मागे घेतील. तो तसा उभाही राहिला, हात पुसत. पण बाई जाता जाता म्हणाल्या, "अट अटच आहे. उद्या एक कण दिसला तर उतरवायचं."

"आई, आता कारण सापडलंय."

"कारण तुला सापडलंय. हॉस्पिटलच्या बाईला चादर दिसते, कारण दिसत नाही."

शनिवारी सकाळी करवत लवकर सुरू झाली. मिस्त्रींनी मुद्दाम सगळ्यात जास्त भुसा पडणारं लाकूड घेतलं होतं, परीक्षा व्हायची तर पुरती होऊ दे म्हणून. बॉयलरवाल्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळा डब्यातून भुसा काढला, तोही त्याच कारणाने. पत्रेवाला गच्चीवर बसला नाही. दुकानात जाऊन टाकीचं झाकण ठोकत राहिला आणि तेच झाकण पुन्हा सरळ करत राहिला.

हॉस्पिटलची गाडी आली. चादरी मोजणारी बाई प्रत्येक गठ्ठ्यातली मधली चादर उपसून किनार तपासायची, तिची तशी रीत होती. तिने तपासल्या. लाँड्रीवाल्या बाई शेजारी हाताची घडी घालून उभ्या होत्या. शेवटचा गठ्ठा गाडीत गेला. मोजणारी बाई म्हणाली, "आज बऱ्या आहेत." ती कधी याहून जास्त बोलत नसे. गाडी गेली.

सून दुकानात निरोप घेऊन आली तेव्हा तिला काही सांगावं लागलं नाही. ती चालत आली होती, पळत नाही, आणि येताना तिने नवऱ्याचा जेवणाचा डबा आणला होता.

"आई काय म्हणाल्या?"

"काही नाही. वर गेल्या."

"वर कशाला?"

"तुम्हीच या बघायला."

ते गच्चीवर गेले. बाईंनी सावलीच्या कोपऱ्यातल्या दोऱ्या सोडल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला बांधत होत्या. अगदी कठड्याजवळ, सुतारखान्याच्या धुराड्यासमोर. पंख्याची हवा तिथे जोरात आणि कोरडी यायची. त्यांनी पहिली ओली चादर टाकली. ती फुगली, सरळ झाली आणि दोरीवर ताठ उभी राहिली.

"इथे अर्ध्या वेळात वाळतात," बाई तोंडात चिमटा धरून म्हणाल्या. "आधी कुणी सांगितलं नाही." मग त्यांनी कठड्यावरून खाली वाकून हाक मारली, "अहो व्याही! पंखा दुपारी बंद करता ना जेवायला? नका करू!"

खालून उत्तर आलं नाही. पंखा मात्र दुपारभर चालू होता.